वर बर्फ, खाली कोमट

दोन दारांच्या फ्रीजची एक तक्रार महाराष्ट्रातल्या घराघरांत सारखीच ऐकू येते, आणि पावसाळ्यात जरा जास्तच. वरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचे खडे नीट होतात, आइस्क्रीम कडक असतं, मटारची पाकिटं गोठलेली असतात. खाली मात्र रात्री ठेवलेलं दूध सकाळी तापवताना फाटतं, कालची आमटी आंबते, कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते आणि पाण्याच्या बाटलीला गारवा म्हणून नसतो. दिवा लागतो, कॉम्प्रेसरचा आवाज येतो, म्हणजे फ्रीज ‘चालू’ तर आहे. मग खालीच काय बिघडलं?

यावर सर्वांत लवकर मिळणारं उत्तर म्हणजे ‘गॅस गेलाय, भरावा लागेल’. माझं म्हणणं असं, की फ्रीजर खरोखर थंड असेल, तर या तक्रारीत गॅस बहुतेक वेळा निर्दोष असतो. थंडी तयार होते आहे, ती खाली पोचत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो हवेच्या वाटेचा. हे कळण्यासाठी फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आतून कसा बांधलेला असतो ते पाहायला हवं, कारण बाहेरून त्यातलं काहीच दिसत नाही.

बहुतेक दोन दारांच्या फ्रीजमध्ये थंडी तयार होण्याची जागा एकच असते. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक कूलिंग कॉइल उभी असते. तिचं तापमान फ्रीजरच्या उणे १८ अंशांपेक्षाही बरंच खाली असतं. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो पात्यांमधून हवा ओढतो आणि गार झालेली हवा ढकलतो. या हवेतला मोठा वाटा फ्रीजरमध्येच फिरतो, थोडा हिस्सा एका अरुंद मार्गाने खालच्या कप्प्यात उतरतो आणि खालची ऊब घेऊन परत कॉइलकडे येतो. खालच्या भागाला स्वतःची अशी थंडी नसते. तो वरच्या हवेवर जगतो, आणि तीही त्याला थोडीच मिळते. त्यामुळे हवेचा प्रवाह निम्म्यावर आला, तर फ्रीजरला ते लवकर जाणवत नाही. तो कॉइलला खेटून आहे आणि आतला गोठलेला मालही थंडी धरून ठेवतो. खालचा कप्पा मात्र लगेच ३-४ अंशांवरून १०-१२ अंशांवर जातो.

मग हवा अडते कशाने? सर्वांत मोठं कारण म्हणजे त्या कॉइलवर साचणारा बर्फ.

हा बर्फ येतो हवेतल्या बाष्पातून. जुलैतल्या मुंबईत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा एक घनमीटर हवेत जवळपास २६ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असतं. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या दुपारी, ४० अंशांच्या उन्हातही, ते याच्या निम्म्याहून कमी असू शकतं. फ्रीजच्या आत २०० लिटर मोकळी हवा धरली आणि प्रत्येक वेळी दार उघडल्यावर तिच्यातली निम्मी बदलली असं मानलं, तर मुंबईच्या पावसाळ्यात एका उघडझापीला अडीच ग्रॅम पाणी आत शिरतं. दिवसभरात तीस वेळा दार उघडलं की ७५ ग्रॅम, आणि आठवड्याला अर्धा लिटर. त्यात न झाकलेली आमटी, ओली पालेभाजी, गरम असतानाच ठेवलेला भात यांची वाफ वेगळी. हे सगळं पाणी फिरत फिरत फ्रीजमधल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर जाऊन गोठतं. दाराचं रबर कुठे सैल असेल, तर दार बंद असतानाही हा पुरवठा चालूच राहतो.

एवढं पाणी रोज गोठत असूनही फ्रीज वर्षानुवर्षं चालतो, कारण तो हा बर्फ रोज स्वतःच वितळवतो. ‘फ्रॉस्ट-फ्री’ म्हणजे आत बर्फ होतच नाही, असं अनेकांना वाटतं. बर्फ होतो, फक्त ठरावीक वेळाने काढला जातो. कॉइलच्या खाली एक हीटर बसवलेला असतो. जुन्या धाटणीच्या फ्रीजमध्ये टायमर कॉम्प्रेसरच्या चालण्याचे तास मोजतो आणि साधारण आठ-बारा तास भरले की कॉम्प्रेसर व पंखा थांबवून हीटर लावतो. पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात बर्फ वितळतो, पाणी कॉइलखालच्या पन्हळीतून नळीवाटे मागे उतरतं आणि कॉम्प्रेसरजवळच्या तबकात पडून तिथल्या उष्णतेने उडून जातं. हीटर भलतंच तापवू नये म्हणून कॉइलवर बायमेटल नावाचा छोटा थर्मोस्टॅट असतो. कॉइल शून्याच्या वर गेली की तो हीटरची वीज तोडतो. त्याच्या जोडीला बहुधा एक थर्मल फ्यूजही असतो, शेवटचा रखवालदार म्हणून. नव्या फ्रीजमध्ये टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि तापमान सांगणारे सेन्सर आले आहेत. त्यांपैकी काही बोर्ड दार किती वेळा उघडलं याचाही हिशेब ठेवून वेळ ठरवतात.

टायमर, हीटर, बायमेटल, फ्यूज किंवा सेन्सर यांपैकी एक जरी निकामी झाला, तरी बर्फ वितळणं, म्हणजेच डीफ्रॉस्ट, बंद पडतं. त्या दिवशी घरात कुणाला काहीच कळत नाही. थर रोज वाढतो, पात्यांमधल्या फटी बुजतात, भुसभुशीत बर्फात अडकलेली हवा कॉइलवर गोधडी पांघरल्यासारखं काम करते, आणि पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. आठवडा ते दोन आठवड्यांनी खालचा कप्पा कोमट होतो. फ्रीजर तेव्हाही थंड असतो, कारण त्याच्या पाठीशी बर्फाची भिंतच उभी असते. कॉम्प्रेसर मात्र आता थांबेनासा होतो. खालचं तापमान उतरत नाही, त्यामुळे त्याला थांबायचा हुकूमच मिळत नाही, आणि ते वीजबिलात दिसतं.

आता ‘गॅस भरला आणि फ्रीज सुधारला’ या अनुभवाकडे पाहू. तो पुष्कळांना आलेला असतो आणि म्हणूनच या निदानावर विश्वास बसतो. गॅस भरायचा तर फ्रीज काही तास, कधी रात्रभर बंद ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात कॉइलवरचा बराचसा बर्फ वितळतो. फ्रीज पुन्हा लावला की वाट मोकळी झालेली असते, खालचा कप्पा झकास गार होतो, आणि श्रेय गॅसला जातं. पंधरा दिवसांनी तक्रार परत येते, तेव्हा ‘बारीक लीक असेल’ असं सांगून पुन्हा पैसे घेतले जातात. हीटर त्या सगळ्या काळात मेलेलाच असतो. कारागीर फसवत असतो असं दरवेळी नाही. त्यालाही फ्रीज गार झालेला दिसतो, म्हणजे निदान बरोबर ठरलं असंच त्याला वाटतं. पण किंमत घराला मोजावी लागते, आणि ज्या नळीला कापायची गरज नव्हती ती कापून पुन्हा जोडली जाते.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरतो आणि गळती झाली तरच कमी होतो. आजच्या बऱ्याचशा घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी. गळती झालीच तर ती विश्रांतीने बरी होत नाही. यातूनच घरच्या घरी करता येईल अशी खरी चाचणी निघते.

त्या चाचणीआधी दोन गोष्टी मात्र पाहून ठेवायला हव्यात, कारण फ्रीज बंद केला की पुरावा वितळून जातो. एक म्हणजे तापमान. ‘फ्रीजर थंड आहे’ हे हाताने ठरवू नका. उणे २ अंशांनाही बर्फ बर्फच असतो, पण ते फ्रीजरचं तापमान नव्हे. साधा थर्मामीटर खालच्या मधल्या जाळीवर पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी आकडा लिहून घ्यावा. वरच्या कप्प्यात तो दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवावा. वर उणे १५ ते १८ आणि खाली १० असेल, तर या लेखातली गोष्ट तुमच्या फ्रीजला लागू आहे. वर उणे ५ आणि आइस्क्रीम चमचा सहज जाईल इतकं मऊ असेल, तर दोन्ही कप्पे आजारी आहेत. अशा वेळी कमी पडलेला गॅस, दमलेला कॉम्प्रेसर किंवा उष्णता बाहेर टाकण्यातली अडचण हेही पर्याय खुले राहतात. अर्थात बर्फ फारच साचला, तरी शेवटी फ्रीजरही ढिला पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पंख्याचा आवाज. फ्रीजरचं दार उघडलं की अनेक मॉडेलांत पंखा थांबतो, म्हणून दार उघडून ऐकण्यात अर्थ नाही. दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा. कॉम्प्रेसर चालू असेल, तर बारीक घरघर ऐकू यायला हवी आणि जाळीतून वाऱ्याची झुळूक हाताला लागायला हवी. काहीच आवाज नसेल, तर पंख्याची मोटर गेली असेल, किंवा पाती बर्फात रुतलेली असतील. कर्र-कर्र असा घासल्याचा आवाज म्हणजे बर्फ पात्यापर्यंत पोचला आहे. पंखा एकटाच गेला असेल तर ती स्वस्तातली दुरुस्ती आहे. पण पंखा बर्फाने अडला असेल आणि मोटर तेवढी बदलली, तर नवी मोटरही तशीच अडकेल.

फ्रीजरच्या मागच्या पडद्यावरही नजर टाका. तिथे पांढरा बर्फ धरला असेल, पडदा फुगून पुढे आला असेल, तर आत काय साचलंय ते उघडून पाहण्याआधीच सांगता येतं.

बिघाड शोधण्यापूर्वी सर्वांत साधी शक्यताही निकालात काढावी. सणांच्या दिवसांत फ्रीजर खोवलेल्या नारळाच्या डब्यांनी आणि मटारच्या पाकिटांनी, कोकण-गोव्यात मासळीच्या पिशव्यांनी ठासून भरला जातो आणि मागची जाळी बुजते. खालीही तेच होतं. हवा येण्याच्या झरोक्यासमोर पातेलं सरकवलेलं असतं, जाळ्यांवर प्लास्टिकच्या चटया कडेपर्यंत अंथरलेल्या असतात. एक चटई स्वच्छतेला बरी, पण चारही जाळ्या झाकल्या की हवा खाली उतरणार कुठून? काही मॉडेलांमध्ये फ्रीजरचा खटका ‘जास्तीत जास्त’वर नेला की खाली जाणारी हवा कमी होते. उन्हाळ्यात खालचं गार व्हावं म्हणून लोक नेमका तोच फिरवतात. तो मध्यावर आणा, जाळ्या मोकळ्या करा आणि एक दिवस थांबा. पुष्कळ फ्रीज एवढ्यावर सुधारतात.

एवढं करूनही खाली कोमटच राहिलं, तर मुख्य चाचणी. प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. सामान शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा आणि पूर्ण चोवीस तास तसंच राहू द्या. रात्रभर पुरत नाही, कारण पडद्याआडचा थर जाड असतो आणि अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठला की तळाशी कडक लादी होते. घाई म्हणून सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. पात्यांमधून जाणारी नळी पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला भोक पडलं की खरोखरच गॅस जातो, आणि आर-६००ए ज्वलनशील आहे.

चोवीस तासांनी फ्रीज लावून खालचं तापमान रोज पाहा. दुसऱ्या दिवशी ते ४ अंशांवर आलं, तर कॉम्प्रेसर आणि गॅस ठीक आहेत हे जवळपास सिद्ध झालं. आणि आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा चढू लागलं, तर डीफ्रॉस्टच्या साखळीतलंच काहीतरी तुटलं आहे. महिनोन्‌महिने पुन्हा त्रास झाला नाही, तर एखाद्या रात्री दार अर्धवट उघडं राहिल्याने बर्फ चढला असण्याची शक्यता मोठी. बर्फ पूर्ण गेल्यावर, पंखा फिरत असूनही खालच्या झरोक्यातून हवाच येत नसेल, तर डँपर पाहावा लागतो. खाली जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची ही छोटी झडप बंद अवस्थेत अडकते.

चाचणीला एक अपवाद आहे. नळ्यांच्या आत ओलावा शिरला असेल, तर तो कॅपिलरी नावाच्या बारीक नळीच्या तोंडाशी गोठतो आणि गॅस अडवतो. फ्रीज थोडा वेळ बंद ठेवला की तो बर्फ वितळून फ्रीज पुन्हा चालू लागतो. पण तेव्हा फ्रीजरही गरम पडतो आणि त्रास काही तासांतच परततो, म्हणून दोन्ही बिघाड वेगळे ओळखता येतात.

कारागीर आला की त्याला हा सगळा क्रम सांगावा आणि गॅसचा विषय निघण्याआधी फ्रीजरचा मागचा पडदा उघडायला लावावा. हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. कॉइलवर बर्फ कसा बसलाय यावरून फार काही कळतं. सगळ्या कॉइलवर सारखा जाड थर असेल तर डीफ्रॉस्ट बंद आहे. एका कोपऱ्यात, गॅस शिरतो तिथेच थोडा बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. तळाशी काचेसारखी स्वच्छ लादी आणि भाज्यांच्या ट्रेखाली पाणी, असं असेल तर हीटर काम करतोय, पण पन्हळीचं भोक बुजलंय. तिथे पिचकारीने कोमट पाणी सोडून ते मोकळं करणं एवढंच काम असतं.

हीटर तपासायला मल्टिमीटर लागतो. २३० व्होल्टवर चालणारा १५० वॅटचा हीटर सुमारे ३५० ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो तुटला आहे. बायमेटलच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. तो थंडीत जुळतो आणि उबेत उघडतो. बर्फ वितळवून, खोलीच्या तापमानाला तपासला तर चांगला बायमेटलही ‘खराब’च दिसणार. फ्रीजरच्या थंडीत राहिल्यावर त्याने जोडणी दाखवली नाही, तरच बदलावा. जुना टायमर स्क्रूड्रायव्हरने हळूच फिरवून डीफ्रॉस्टवर नेता येतो. तिथे हीटर तापला, पण आपोआप मात्र तो कधीच तिथे पोचत नसेल, तर टायमर अडकला आहे. हे वीज चालू ठेवून करायचं काम असल्यामुळे ते जाणकारावरच सोपवावं.

एका दाराच्या, बर्फ धरणाऱ्या फ्रीजची गोष्ट वेगळी. तिथे फ्रीजरचा डबा हीच कॉइल असते, पंखा नसतो आणि गार हवा स्वतःच्या जडपणाने खाली उतरते. बर्फ बोटभर जाड झाला की खालचा भाग ढिला पडतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की काम झालं. पण डब्याच्या एकाच बाजूला बर्फ धरत असेल आणि दुसरी बाजू ओलसर राहत असेल, तर इथे गॅसचा संशय खरा ठरण्याची शक्यता जास्त. याउलट काही महागड्या फ्रीजमध्ये वर आणि खाली दोन स्वतंत्र कॉइल आणि दोन पंखे असतात. तिथे वर उत्तम थंडी आणि खाली काहीच नाही असं झालं, तर खालचा पंखा किंवा गॅसची वाट बदलणारी झडप आधी पाहावी.

दुरुस्ती होईपर्यंत खाण्यापिण्याचं काय, हा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. ५ अंशांच्या वर जंतूंची वाढ वेग घेते. शिजवलेलं अन्न, दूध, मासे, मांस हे १० अंशांच्या कप्प्यात दिवसभर राहिलं असेल तर वासावर विसंबू नये. आजारी पाडणाऱ्या अनेक जंतूंनी वास बदलत नाही. लोणी, लोणची, टोमॅटो, फळं तग धरतील. औषधांकडे आधी पाहा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. खालचा कप्पा कोमट झाला म्हणून घाबरून ते वरच्या फ्रीजरमध्ये टाकलं तर वाया जातं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरू नये. दुसऱ्या चालू फ्रीजमध्ये हलवणं बरं, आणि साठा किती वेळ कोमट राहिला हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारून घ्यावं. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत बाहेर राहू शकतं. त्या त्या इन्सुलिनच्या पाकिटावर मुदत छापलेली असते.

दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी सगळं गार झालं म्हणून पैसे देऊन मोकळं होऊ नका. दुरुस्तीत बर्फ वितळल्याने पहिला आठवडा कुठल्याही फ्रीजचा चांगलाच जातो. बदललेल्या भागावर किती दिवसांची हमी आहे ते लिहून घ्या, थर्मामीटर खालच्या जाळीवरच राहू द्या आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी, दार पहिल्यांदा उघडताना, आकडा पाहा. तो ४-५ अंशांवर असेल, तर हीटर रोज आपलं काम करतो आहे.